कौलांची आंघोळ

माझं अक्षर चांगलं आहे, आणि तेच माझ्या बाबांना नडलं.

हसू नका. आमच्या कौलांच्या कारखान्यात एक तक्रारवही आहे, जाड पुठ्ठ्याची, पाठीवर लाल कापड चिकटवलेली. तिच्यात एक ओळ आहे: ‘भट्टीमिस्त्रीने हलगर्जीपणाने कौलांना आंघोळ घातली नाही, त्यामुळे माल फुटला.’ एकोणचाळीस वर्षांपूर्वीची ओळ. अक्षर टपोरं, वळणदार, ते माझं. भट्टीमिस्त्री म्हणजे माझे बाबा. आणि ती ओळ धादांत खोटी आहे. आमच्या घरात हे तिघांना ठाऊक होतं. बाबा गेले, आई गेली, उरले मी.

गेल्या महिन्यात कारखान्यातून फोन आला. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली, त्यामुळे कुणाला माझी आठवण झाली याचंच आधी कौतुक वाटलं. नवी केमिस्ट बोलत होती. “मॅडम, जुनी लॅब आता पाहुण्यांना दाखवायची खोली करतोय. तुमचं मशीन, कागदाच्या गुंडाळ्या, वह्या, सगळं काचेत ठेवायचंय. कुठलं काय ते सांगायला याल का?”

मी म्हटलं, येते की. घरी बसून तरी कुठे दिवे लावतेय!

“आणि ती तक्रारवहीपण उघडून ठेवणार आहोत,” ती उत्साहाने म्हणाली. “मिठाची पद्धत तुम्ही का शोधलीत ते त्या पानावरून लगेच कळतं. शेजारी तुमच्या नावाची पाटी. अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं!”

फोन ठेवला. वही कपाटात पडून होती तोवर एक होतं. आता येणारा-जाणारा काचेतून बाबांचा हलगर्जीपणा वाचणार, आणि शेजारी माझं कौतुक! मी कपाट उघडलं, चादरींच्या थप्पीखालून एक घडी घातलेला कागद काढला आणि पर्समध्ये टाकला. खरं काय ते सांगायचं आणि ती ओळ सुधारून घ्यायची, असं ठरवलं. पण ठरवण्यात मी पहिल्यापासून पटाईत. हेच याआधी दहा वेळा ठरवून झालं होतं.

फाटकातून आत जाताना सवयीने डावीकडे बघितलं. तिथे पूर्वी एक लोखंडी स्टूल असायचं. आता प्लास्टिकची खुर्ची आहे आणि तिच्यावर मोबाईलमध्ये डोकं घातलेला वॉचमन. त्याने मला ओळखलं नाही. पस्तीस वर्षं मी या फाटकातून ये-जा केली आणि माझंच नाव मला वहीत लिहायला लावलं. असो.

लॅब मात्र तशीच होती. लांबट खोली, एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला खिडकी, खिडकीतून समोर भट्टीचं तोंड. कोपऱ्यात माझं मशीन, वरचा रंग उडालेला, बटणांवर माझ्या बोटांनी पाडलेले गुळगुळीत डाग. मी त्याच्यावरून हात फिरवला आणि मला एकदम भरून आलं. माणसांच्या बाबतीत मी एवढी हळवी नाही, विचारा कुणालाही.

“हे चालायचं कसं?” केमिस्टने विचारलं. पोरगी चुणचुणीत, चष्मा डोक्यावर सरकवलेला, हातात वही. तिच्याकडे आता स्क्रीनवाली नवी यंत्रं आहेत.

मी तिला सांगितलं. आत बोटभर उंचीची दोन वाडगी. एकात आपली माती, दुसऱ्यात आधीच कडकडीत भाजून घेतलेली एक पांढरी पूड. त्या पुडीला आम्ही मेलेली म्हणायचो, कारण कितीही तापवलं तरी तिला आता काही व्हायचं नसतं. दोघींना एकाच आगीत शेजारी बसवायचं आणि मिनिटाला दहा अंशांनी तापवत न्यायचं. मातीच्या पोटात काही घडलं की ती उष्णता पिते आणि मेलेल्या शेजारणीच्या मागे पडते. तेवढ्यात पेन कागदावर खाली डुबकी मारतं. शंभराच्या पुढे पहिला खड्डा, ओल गेली. साडेपाचशेच्या आसपास दुसरा, मातीने अंगात मुरलेलं पाणी सोडलं. त्यानंतर तिचा पुन्हा चिखल होत नाही, काही करा. आणि आठशेच्या सुमाराला तिसरा. तो चुनखडीचा. ती आपला वायू सोडून देते आणि मागे चुना उरतो.

“मागे चुना उरतो,” मी पुन्हा म्हटलं. तिने मान डोलावली. हे वाक्य मला तेविसाव्या वर्षीही पाठ होतं. पाठ असणं वेगळं आणि कळणं वेगळं.

बाबांना यातलं काही पाठ नव्हतं. ते भट्टीच्या भोकाला डोळा लावायचे आणि आतला रंग बघून म्हणायचे, “अजून दोन पाट्या कोळसा.” नंतर तापमापक आला, तर तो बाबांच्या अंदाजापेक्षा दहा-पंधरा अंशांनी इकडेतिकडे. साहेब म्हणाले मिस्त्री चुकतो. भट्टीवरची माणसं म्हणाली तापमापक चुकतो. माती कशी आहे ते बघायला बाबा चिमूटभर तोंडात टाकायचे आणि दाढेखाली घोळवायचे. कचकच लागली की थुंकून म्हणायचे, “खडा आहे.” आई वैतागायची. “जन्मभर माती खाल्लीत, आता तरी पुरे करा!” ते म्हणायचे, “मी तोंडाने खातो. लोक कामाने खातात.”

मला त्यांनी शिकवलं. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. लॅबमध्ये लागले त्या दिवशी बाबा भट्टीवरच्या एकेकाला धरून खिडकीखाली आणत होते. “ती बघा आमची शास्त्रीणबाई.” मी लाजेने अर्धी झाले होते आणि गर्वाने दुप्पट. तेव्हापासून कारखान्यात बाबा मला त्याच नावाने हाक मारायचे. घरी मात्र, “ए ठमे.”

आता आंघोळीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरून झालं.

आमच्या खाणीच्या मातीत चुनखडीचे खडे होते. काही मोहरीएवढे, काही वाटाण्याएवढे. भट्टीत त्यांचा चुना व्हायचा आणि कौलाच्या अंगात दडून बसायचा. कौल दिसायला ठणठणीत, वाजवलं तर घंटेसारखं. पण चुना तहानलेला. हवेतली ओल तो थेंब थेंब पीत राहतो आणि फुगतो. महिन्याने, दोन महिन्यांनी गोदामात शांतता असताना आवाज येतो, टक्. कौलाचा टवका उडतो, मध्ये पांढरा ठिपका. भट्टीवरची माणसं म्हणायची, कौल बोललं.

यावर बाबांचा उपाय होता. भट्टी उतरवली की कौलं हाताला सोसतील इतपत कोमट असतानाच हौदात बुडवायची. चांगली तासभर. बुडबुडे यायचे थांबले की काढायची. त्याला सगळे आंघोळ म्हणत. मी लहान असताना बाबांना विचारलं होतं, पाण्यानेच फुटतात तर पाण्यातच का घालता? ते म्हणाले होते, “तहानलेल्याला थेंब थेंब दिलं तर तो चिडतो. पोटभर दिलं तर झोपी जातो.” ही गोष्ट मी शिकून आल्यावर साफ निकालात काढली. थेंब काय, पोटभर काय, रसायनाला कसली आलीय तहान!

आंघोळीला चार माणसं लागायची, वाळवायला अख्खं अंगण. शिवाय घाई झाली की शंभरात चार-पाच कौलं हौदात तडकायची. साहेबांच्या ते डोळ्यांवर आलं होतं. एक दिवस ते लॅबमध्ये आले आणि म्हणाले, “बाई, तुमचं मशीन काय म्हणतं? या आंघोळीची खरोखर गरज आहे का?”

मला काय, स्वर्ग दोन बोटं उरला. माझ्या मताला कुणी विचारायची ती पहिली वेळ. खाणीतली माती आणली, खलात मस्त बारीक केली, सगळ्यात बारीक चाळणीतून गाळली, मशीनमध्ये घातली. आठशेचा खड्डा आला. साडेआठशेला संपला. नऊशेच्या पुढे एक छोटा उंचवटा. म्हणजे चुना मातीशी जुळून त्यातून नवीनच खनिज तयार झालं. भट्टी तर साडेनऊशेला जाते. भट्टीतून काढलेल्या त्याच बारीक पुडीवर पाणी टाकून बघितलं, मोकळा चुना जवळजवळ नाहीच. मी टपोऱ्या अक्षरात लिहिलं: ‘भट्टीच्या तापमानाला मातीतील चुनखडीचे पूर्ण विघटन होऊन चुना मातीशी संयोग पावतो. मोकळा चुना उरत नाही. भाजल्यानंतर पाण्यात बुडवण्याची आवश्यकता नाही.’ खाली सही. माझ्या नोकरीतला तो पहिला रिपोर्ट आणि पहिली सही. सहीच्या शेपटाला मी एक गिरकी दिली होती, ती घरी पाच-पन्नास वेळा गिरवून बसवलेली.

कुठे माती खाल्ली ते कळलं का? बारीक केली तिथे. लॅबमधली माती पिठासारखी. तिच्यातल्या चुन्याच्या कणाकणाला माती भेटते. कौलातली माती मळतात, चाळत नाहीत. वाटाण्याएवढ्या खड्याच्या पोटातल्या चुन्याला माती भेटणार कुठून? तो बिचारा तहानलेला तसाच आत राहतो. मी कौलाची परीक्षा घेतलीच नव्हती. मी पिठाची परीक्षा घेतली आणि निकाल कौलाला दिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तोंडी हुकूम दिला, आंघोळ बंद. बाबा त्यांच्यासमोर काही बोलले नाहीत. लॅबच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, “शास्त्रीणबाई, खडे धरून बघितलं ना?”

“बाबा,” मी म्हटलं, “साडेआठशेला सगळं संपतं. आलेखात स्पष्ट दिसतंय.” वर जरा हसलेसुद्धा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मग झालं,” म्हणाले आणि भट्टीकडे वळले. एवढ्या वर्षांचा अनुभवी माणूस, पण लेकीच्या आलेखापुढे गप्प बसला. अजून ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

त्यातला बराचसा माल एका शाळेच्या छपरावर गेला. दोन महिन्यांनी हवा दमट झाली आणि कौलं बोलायला लागली. वर्गात शिकवणं चालू आणि वरून टवके. कुणाला लागलं नाही ही देवाची कृपा, पण सगळं छप्पर उतरवावं लागलं. आमच्या गोदामात तर दिवसभर टक्, टक्, टक्. मी खिडकी लावून बसायची, तरी ऐकू यायचं.

मधल्या काळात ते साहेब बदलून दुसरीकडे गेले होते. नवे साहेब आले ते नियमाचे पक्के. त्यांनी चौकशी लावली. आंघोळ बंद करा असं कुणी आणि कशाच्या आधारावर सांगितलं, कागद दाखवा. कागद लॅबच्या फायलीत होता. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. आणि लॅबच मुळात हवी कशाला, असं म्हणणारे कारखान्यात कमी नव्हते.

चौकशीच्या आदल्या दिवशी, कामाची पाळी सुटताना बाबा लॅबमध्ये आले. उभ्या उभ्या म्हणाले, “तुझा तो आलेख आणि रिपोर्ट दे जरा. बघू तरी कसला खड्डा आहे.” मी फाईल काढून दिली. वाटलं, खरंच बघायचंय. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये मी नोंदी लिहायला, कारण अक्षर चांगलं. समोर बाबा आणि भट्टीवरचे दोघं-तिघं, माना खाली. साहेबांनी विचारलं, “आंघोळ का बंद केलीत?”

“कंटाळा केला साहेब,” बाबा म्हणाले. “वय झालं. हौदाचं काम जिवावर आलं होतं.”

“लॅबने काही लेखी दिलं होतं?”

“लॅबचा काही संबंध नाही.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “फाईलमध्ये काही आहे?”

मी आज तुम्हाला सांगू शकते की मी बोलणारच होते, पण ते खोटं होईल. मी बोलणार नव्हते. मला माझी खुर्ची दिसत होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी कारखान्यातल्या आवाजात म्हणाले, “शास्त्रीणबाई, साहेब सांगतात ते लिहून घ्या.” आणि मी लिहिलं. साहेब शब्द सांगत गेले, मी वळणदार अक्षरात उतरवत गेले. ‘हलगर्जीपणाने’ लिहिताना वेलांटीसुद्धा चुकली नाही.

बाबांना भट्टीवरून काढून फाटकावर बसवलं. शेवटची चार वर्षं ते त्या लोखंडी स्टुलावर होते. जन्म आगीपुढे काढलेल्या माणसाला थंडी वाजायची. भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर. भट्टीवरचे लोक जाता-येता थांबून रंग विचारायचे. “मिस्त्री, आज नारिंगी जरा फिका वाटतोय.” मग ते तिथूनच धुराकडे बघून काहीतरी सांगायचे. घरी त्यांनी त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. मीही नाही. आई तेवढी मधूनच माझ्याकडे बघायची आणि ताटात आणखी वाढायची.

मी मग झपाटल्यासारखी कामाला लागले. आता खलाला हात लावायचा नाही. मोजून निवडलेले खडे मातीत मळायचे, इवलीशी कौलं थापायची, भाजायची आणि उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवून कान देऊन बसायचं. मातीत काय काय मिसळून बघितलं त्याची यादी आता देत नाही. दोन वर्षं सगळी बोलली. मग साधं मीठ घातलं. शंभर भागांना एक भाग, पाण्यात विरघळवून. मिठाने आगीत चुन्याची आणि मातीची सोयरीक जुळवून दिली. खड्याच्या पोटातला चुनासुद्धा मातीला भेटला. वाफेवर पूर्ण दिवस ठेवलं, एक कौल बोललं नाही. मोठे खडे तेवढे मिठालाही जुमानत नव्हते, त्यांच्यासाठी हौद पुन्हा भरला. मीठ आणि आंघोळ, दोन्ही. कारखान्यात ती माझी पद्धत म्हणून लागली आणि मी पुढे लॅबची प्रमुख झाले.

ते पहिलं न बोललेलं कौल घेऊन मी फाटकावर पळत गेले होते. बाबांनी ते उलटसुलट केलं, कानाशी धरलं, बोटाच्या पेराने वाजवलं. आणि दात काढून हसले. “वा गं वा शास्त्रीणबाई! चुनासुद्धा मिठाला जागला की!”

त्यांनी सहज म्हटलं असेल. त्यांचा स्वभाव टोमण्याचा नव्हता. पण मी तिथून लॅबमध्ये आले, कडी लावली आणि धाय मोकलून रडले. चुना जागला. मी?

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या मागे आईने मला त्यांचा पत्र्याचा डबा दिला. आत भट्टीच्या भोकातून बघायची निळी काच, पेन्सिलीचा तुकडा आणि तो कागद. माझा रिपोर्ट, आलेखासकट. मी तो घरी आणला आणि चादरींखाली ठेवला. तेव्हा मी प्रमुख होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ अकरा वर्षं झाकलेली होती आणि आत नुसता चुना.

तर त्या दिवशी हे सगळं माझ्या डोक्यात चाललेलं, आणि केमिस्ट मला आपली उत्साहाने पाटी दाखवतेय, काच दाखवतेय, उघडी वही दाखवतेय. मी पर्सचा बंद धरून बसले होते. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा ‘चहा छान आहे’ म्हणाले. तिसऱ्यांदा काय म्हणाले असते कुणास ठाऊक, पण तीच म्हणाली, “मॅडम, एक विचारू? तुमच्या वेळची जुनी खाण पुन्हा सुरू होतेय. मी तिथल्या मातीचं पृथक्करण केलं. मीठ चालू ठेवतोच आहोत, पण ती आंघोळ मात्र बंद करावी म्हणते. फार पाणी जातं. आणि तशी गरज नाही. साडेआठशेला सगळं संपतं. आलेखात स्पष्ट दिसतंय.”

मी कप खाली ठेवला. शब्दाला शब्द. तेच वाक्य, तोच आत्मविश्वास, अखेरीस तेच छोटंसं हसूसुद्धा.

“माती बारीक केलीस?” मी विचारलं.

“हो, अगदी पिठासारखी. का?”

“खडे धरून बघितलंस?”

हे विचारताना माझा आवाज बाबांसारखा आला. मलाच दचकायला झालं. एकोणचाळीस वर्षांपूर्वी ते खिडकीशी उभे राहून हेच विचारत होते आणि मी हसले होते. ही पोरगी त्यावर हसली नाही. ती म्हणाली, “नाही. बघायला हवं होतं का?”

बस्स. मग काही अवघड राहिलं नाही. मी पर्स उघडली, कागद काढून ओट्यावर पसरला आणि म्हटलं, “आधी हे वाच. मग ती वहीतली ओळ वाच. मग मी सांगते.”

तिने वाचलं. मी सांगितलं, पहिल्यापासून, बाबांच्या मफलरपर्यंत. मध्येच तिने पाणी आणून दिलं. पोरगी समजूतदार. तिला कळलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि काय अवघड आहे तेही.

“मॅडम, हे काचेत ठेवलं तर...” ती अडखळली. “म्हणजे, तुमच्या पाटीशेजारी... लोक तुमच्याबद्दल काय म्हणतील?”

“जे खरं आहे ते म्हणतील. पेन दे.”

मी तक्रारवही जवळ ओढली. त्या ओळीखाली जागा होती, जणू कुणी राखून ठेवलेली. लिहिलं: ‘वरील नोंद खोटी आहे. आंघोळ माझ्या चुकीच्या रिपोर्टमुळे बंद झाली. भट्टीमिस्त्रींनी मला खडे तपासायला सांगितले होते. त्यांची पद्धत बरोबर होती.’ अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही, वेलांट्या डुगडुगतात. पण वाचता येतं. खाली सही केली.

केमिस्ट वहीतली सही आणि रिपोर्टवरची सही आळीपाळीने बघत होती. मग तिने विचारलं, “पण त्यांनी हा कागद ठेवला कशाला? तुम्हाला वाचवायचं होतं ना? कुणाच्या हाती लागला असता तर? भट्टी समोर होती, टाकून द्यायचा आत.”

मीही आईला हेच विचारलं होतं, डबा उघडला त्या दिवशी. आई म्हणाली होती, “मी म्हटलं ना त्यांना तेव्हाच! चौकशीच्या आदल्या दिवशी कागद घेऊन घरी आले, तर मी म्हटलं, उद्या सकाळी भट्टीत टाका आणि मोकळे व्हा. तर माझ्यावरच ओरडले. म्हणाले, पोरीची पहिली सही आहे. जाळू कशी?”

केमिस्टने चष्मा काढून पुसला. मग कागद उचलून काचेच्या पेटीत ठेवायला निघाली. मी म्हटलं, थांब, आलेख खाली जाऊ दे. सही वर येईल अशी घडी घाल.